बेसबॉलचा अख्खा सीझन फॉलो कसा करायचा: सिॲटल मरिनर्सच्या नव्या फॅनसाठी

सिॲटलला नवीन आलेल्या आपल्या लोकांना ऑफिसच्या टीम आउटिंगमध्ये एकदा तरी बेसबॉलला नेतातच, मग तीन तास काय चाललंय ते कळत नाही, फ्राइज खाऊन फोटो काढून घरी येतात आणि म्हणतात की बेसबॉल फार स्लो आहे बुवा. मी २०१६ मध्ये सिॲटलजवळच्या बॉथेलला आले तेव्हा माझंही अगदी हेच झालं होतं. पुढची दोन वर्षं मी त्या वाटेला गेले नाही आणि त्याचं मला आता खरंच वाईट वाटतं, कारण एक गेम बघून बेसबॉल कळत नाही, तो कळतो रोज थोडा थोडा बघून. हा खेळ मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत जवळजवळ रोज असतो आणि रोज असतो म्हणूनच तो आपला होतो. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय. उदाहरणं मरिनर्सची आहेत कारण ती माझी टीम, पण तुम्ही बॉस्टनला असा किंवा ह्यूस्टनला, पायऱ्या याच.

१. आधी १६२ हा आकडा डोक्यात बसवा

एका सीझनमध्ये प्रत्येक टीम १६२ गेम खेळते, ८१ घरी आणि ८१ बाहेर. (मॅच म्हणू नका, इथे गेम म्हणतात.) एकूण ३० टीम, दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये तीन डिव्हिजन. मरिनर्स अमेरिकन लीगच्या वेस्ट डिव्हिजनमध्ये आहेत, सोबत ह्यूस्टन, टेक्सस, एंजल्स आणि ॲथलेटिक्स. या चौघांशी प्रत्येकी १३ वेळा गाठ पडते म्हणून तीच नावं सारखी ऐकू येतात, आणि २०२३ पासून उरलेल्या सगळ्या टीमशीही वर्षातून एकदा तरी सिरीज होते.

आपण क्रिकेटवाले इथेच फसतो. आपल्याला प्रत्येक मॅच फायनलसारखी बघायची सवय, हरलो की दोन दिवस मूड खराब. बेसबॉलमध्ये चांगल्यातली चांगली टीम पण साठ-सत्तर गेम हरते. २०२५ ला मरिनर्सनी डिव्हिजन जिंकलं, २००१ नंतर पहिल्यांदा, आणि त्या वर्षी त्यांचा रेकॉर्ड होता ९० जिंकले ७२ हरले. म्हणजे ७२ संध्याकाळी टीम हरली आणि तरी ते आनंदाचं वर्ष होतं! त्यामुळे मे महिन्यात सलग चार गेम हरले म्हणून लीगचं ॲप डिलीट करू नका, त्याचा अर्थ फार काही नसतो. उलट २००१ चं बघा, त्या वर्षी ११६ जिंकले, सगळ्यात जास्त विजयांच्या रेकॉर्डची बरोबरी झाली, आणि तरी वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला, पोचले नाहीत. आजवर एकदाही पोचलेले नाहीत. या टीमचं फॅन व्हायचं तर हे माहीत असू द्या.

आणि १६२ च्या १६२ बघायचे नसतात. मी वर्षाला चार ते सहा गेम स्टेडियममध्ये बघते, आठवड्याला एखाददुसरा टीव्हीवर, बाकी रेडिओ नाहीतर सकाळी चहाबरोबर हायलाइट्स. एवढ्यावर सीझन मस्त फॉलो होतो.

२. नियम सगळे शिकायला बसू नका, एवढे पुरे

नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीमची एकेकदा बॅटिंग, तीन आउट झाले की बाजू बदलली. बॅटर पळत तीन बेस (मधले थांबायचे टप्पे) गाठून परत होम प्लेटवर, म्हणजे जिथून निघाला तिथे, आला की एक रन. तीन स्ट्राइक म्हणजे आउट, चार बॉल (इथे बॉल म्हणजे स्ट्राइक झोनच्या बाहेरून गेलेला आणि बॅटरने सोडून दिलेला चेंडू) झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो, त्याला वॉक म्हणतात. स्ट्राइक झोन म्हणजे प्लेटच्या रुंदीएवढी आणि साधारण गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंत उंच अशी न दिसणारी चौकट, बॉल त्यातून गेला आणि बॅट फिरवली नाही तरी स्ट्राइक.

क्रिकेटवाल्यांना नडणाऱ्या तीन गोष्टी सांगते. एक, बॉल मागे मारता येत नाही, दोन रेषांच्या बाहेर गेला की फाउल. पहिले दोन फाउल स्ट्राइक धरतात पण तिसरा स्ट्राइक फाउलने होत नाही (बंट, म्हणजे बॅट न फिरवता बॉल हळूच टेकवणं, सोडून), म्हणून कधीकधी एकच बॅटर दहा-बारा बॉल खेळत राहतो आणि पब्लिक उगाच नाही ओरडत, तो पिचरला, म्हणजे आपल्या भाषेत बोलरला, दमवत असतो. दोन, बॉल पुढे मारला की पळावंच लागतं, आपल्यासारखं नुसतं तटवून उभं राहता येत नाही. तीन, दहापैकी तीन वेळा हिट मारणारा बॅटर इथे भारी समजला जातो, सात वेळा तो फेलच होतो, तेव्हा आउट झाला की लगेच नावं ठेवू नका.

स्लो आहे ही तक्रार आता जुनी झाली. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय, बेसवर कोणी नसेल तर १५ सेकंद आणि असेल तर आता १८ सेकंद, त्यामुळे गेम बहुतेक वेळा पावणेतीन तासांच्या आत आटोपतो. आणि २०२६ पासून अंपायरच्या स्ट्राइक-बॉलवर चॅलेंज आलंय, आपल्या डीआरएससारखंच पण फटाफट. बॅटर, पिचर किंवा कॅचरने (आपला विकेटकीपर) लगेच स्वतःच्या डोक्याला हात लावायचा, बास, डगआउटकडे, म्हणजे टीम बसते तिकडे, बघून विचारायची परवानगी नाही. प्रत्येक टीमला दोन, बरोबर निघालं तर शिल्लक राहतं.

इनफिल्ड फ्लाय, बॉक वगैरे प्रकार आत्ता सोडून द्या, समोर घडेल तेव्हा बाजूच्या सीटवरच्या आजोबांना विचारा, ते आनंदाने सांगतील, दर वेळी सांगतातच.

३. टीव्हीचे पैसे भरण्याआधी थांबा

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, मीही फसले. एका स्ट्रीमिंगवाल्यांचं वर्षभराचं पॅकेज घेतलं, "सगळे गेम" असं लिहिलेलं होतं, संध्याकाळी कौतुकाने डाळ-भाताचं ताट घेऊन बसले तर स्क्रीनवर मेसेज की तुमच्या भागात हा गेम दिसणार नाही. याला ब्लॅकआउट म्हणतात. तुम्ही ज्या टीमच्या गावात राहता त्या टीमचे गेम देशभराच्या पॅकेजमध्ये बंद असतात कारण लोकल प्रक्षेपणाचे हक्क वेगळे विकलेले असतात. म्हणजे सिॲटलमध्ये बसून त्या पॅकेजवर न्यूयॉर्कचे, शिकागोचे गेम दिसतील पण मरिनर्स नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघा: पॅकेज लोकल टीमचं आहे की बाहेरच्या टीमचं, तुमचा पिनकोड टाकून ब्लॅकआउट कोणत्या टीमला आहे (हे चेक करायची सोय असते), आणि महिन्याचं घेता येतं का. पहिल्या वर्षी महिन्याचंच घ्या. काही शुक्रवारचे गेम ॲपल टीव्हीवर जातात आणि ऑक्टोबरचे गेम नॅशनल चॅनलवर, तेव्हा लोकल पॅकेज असूनही अधूनमधून गेम सापडणार नाही, घाबरू नका, ॲपमध्ये त्या दिवसाच्या गेमवर टॅप केलं की कुठे लागणार ते लिहिलेलं असतं. कोणी ढापलेल्या लिंक पाठवतं त्या नका उघडू, एका मैत्रिणीच्या लॅपटॉपची त्यात वाट लागली.

४. आणि खरं सांगू का, रेडिओ लावा

बेसबॉल रेडिओसाठीच बनलाय असं माझं स्पष्ट मत आहे. ७१० एएम वर मरिनर्सचे गेम फुकट लागतात, त्याला ब्लॅकआउट नाही, गाडीत लागतो, आणि लीगच्या ॲपमध्ये नुसत्या ऑडिओचं पॅकेज टीव्हीच्या मानाने फारच स्वस्त पडतं. संध्याकाळी ६:४० ला गेम सुरू होतो तेव्हा मी पोळ्या करत असते. पिच, पिचच्या मध्ये गप्पा, मागून पब्लिकचा आवाज, बॅटचा टक्क आवाज आला की लाटणं थांबतं, बॉल कुठे पडला ते कळेपर्यंत तव्यावरची पोळी थोडी जास्त भाजते. लहानपणी घरी आकाशवाणीवर कॉमेंटरी लागलेली असायची ना, ज्यांनी ती ऐकलीय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शिवाय कॉमेंटेटर नव्या माणसाला कळेल असं बोलतात, मी अर्धा बेसबॉल ओट्याशी उभी राहून शिकले.

देशातल्या लोकांनाही हा टाइम सोयीचा पडतो. इथले संध्याकाळचे ६:४० म्हणजे तिकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे ७:१०. माझे बाबा सांगलीला चहा घेता घेता स्कोअर बघतात आणि मला मेसेज करतात. बाबांचं पुढे सांगते.

बाहेरगावच्या गेमची वेळ मात्र बघून ठेवा, टीम ईस्ट कोस्टला गेली की गेम इथल्या दुपारी चारच्या सुमाराला सुरू होतो आणि तुम्ही सातला टीव्ही लावला की कार्यक्रम आटोपलेला असतो.

५. स्टेडियमचा पहिला गेम

स्टेडियमचं नाव टी-मोबाइल पार्क, १९९९ च्या जुलैत उघडलं, तेव्हा नाव सेफको फील्ड होतं, जुने लोक अजूनही सेफको म्हणतात. छप्पर सरकतं आहे पण ते छत्रीसारखं, बाजू उघड्याच राहतात, म्हणजे पावसाने गेम रद्द व्हायची भीती जवळजवळ नाही पण थंडी वाजतेच. एप्रिलमध्ये जाताय तर हिवाळ्याचं जॅकेट न्या, हे मी गंभीरपणे सांगतेय, भारतातून आलेले आईबाबा सोबत असतील तर पांघरूण पण न्या.

तिकीट: भाव गेमप्रमाणे बदलतात. एप्रिल-मे मधले सोमवार ते बुधवारचे गेम सगळ्यात स्वस्त, यांकीज, डॉजर्स किंवा टोरांटो आले की महाग (टोरांटो आलं की कॅनडातून इतके लोक येतात की अर्धं स्टेडियम निळं दिसतं). बॉबलहेड म्हणजे खेळाडूची मान हलणारी बाहुली वाटायचा दिवस असेल तर भाव चढतो, आणि ती पहिल्या काही हजार लोकांनाच मिळते, तिकीट आहे म्हणून मिळेल असं नाही, गेट उघडायच्या आधी रांगेत हवं. दुसऱ्याने विकायला काढलेलं तिकीट घेताना शेवटच्या पानावरची टोटल बघा, फी धरून किंमत बरीच वाढते. तिकीट फोनवरच येतं, बॉलपार्क नावाच्या ॲपमध्ये, ते घरच्या वायफायवर उघडून ठेवा कारण गेटपाशी नेटवर्क दगा देतं आणि मागे रांग तुंबते.

जागा कुठली घ्यायची: पहिल्यांदा जाताना खाली पैसे घालवू नका, वरच्या मजल्यावर होम प्लेटच्या मागे, ३३० नंबरच्या आसपासचे सेक्शन घ्या. तिथून अख्खं मैदान नकाशासारखं दिसतं, कोण कुठे सरकलं, बॉल कुठे वळला, सगळं. मरिनर्सचं डगआउट पहिल्या बेसच्या बाजूला आहे म्हणून पोरं तिकडे मागतात, पण उन्हाळ्यात संध्याकाळचं ऊन त्या बाजूच्या आणि उजव्या फील्डच्या डोळ्यांवर येतं. तिसऱ्या बेसच्या बाजूला सावली आधी येते.

कसं जायचं: लाइट रेल. स्टेडियम नावाचं स्टेशनच आहे. आम्ही नॉर्थकडचे लोक लिनवूडला नाहीतर नॉर्थगेटला गाडी लावून जातो. गाडीनेच जायचं असेल तर आधी शेजारच्या लुमेन फील्डचं कॅलेंडर बघा, तिथे त्याच दिवशी फुटबॉल किंवा सॉकर असेल तर पार्किंगचे भाव आणि ट्रॅफिक दोन्ही गगनाला. आम्ही एकदा त्यात अडकून तिसऱ्या इनिंगला पोचलो होतो आणि पार्किंगला तिकिटापेक्षा जास्त पैसे गेले.

खाणं: हे आपल्या लोकांना कोणी सांगतच नाही की इथे बाहेरचं खाणं आत नेता येतं! काचेची बाटली, कॅन, दारू नाही, पण घरचा डबा चालतो. मी पोळीचे रोल नेते, दाण्याची चटणी लावून, आणि चिवडा. प्लास्टिकची सीलबंद पाण्याची बाटली पण चालते. आतमध्ये गार्लिक फ्राइज प्रसिद्ध आहेत आणि त्या खाव्यातच, भाजलेले नाकतोडे पण मिळतात (खरंच, मेक्सिकन पद्धतीचे, ऑर्डर करायच्या आधी शाकाहारी मंडळींनी बोर्ड नीट वाचा).

सोबत काय काय हवं ते एकदा एकत्र लिहिते:
- फोन, पूर्ण चार्ज, तिकीट उघडून बघितलेलं
- कार्ड (रोख पैशांवर विसंबू नका)
- लाइट रेलसाठी ओर्का कार्ड
- बीअर घेणार असाल तर वयाचा पुरावा, आपला पासपोर्ट घेऊन फिरण्यापेक्षा इथलं लायसन्स किंवा स्टेट आयडी
- जॅकेट, जुलै-ऑगस्टच्या दुपारी टोपी आणि सनस्क्रीन
- स्कोअरकार्ड, दोन पेन्सिली, खोडरबर
- बॅग नेणारच असाल तर आदल्या दिवशी टीमच्या साइटवर नियम वाचा, ऑफिसची पाठीवरची सॅक घेऊन जाऊ नका, गेटवरून परत जावं लागतं

वागायचे दोनच नियम. बॅटर खेळत असताना रांगेतून उठून जाऊ नका, त्याचा निकाल लागू द्या मग उठा. आणि खालच्या सीटवर असाल तर पिच पडताना फोनमध्ये बघू नका, जाळी आहे पण जाळीच्या पलीकडेही फाउल बॉल येतात आणि ते फार जोरात येतात. बॉल हातात आला तर तो तुमचा, परत द्यायचा नसतो, पण शेजारी लहान मूल असेल तर बरेच लोक त्याला देतात आणि मग आजूबाजूचे सगळे टाळ्या वाजवतात.

लहान मुलं असतील तर रविवारी दुपारचा गेम घ्या, संपल्यावर मुलांना मैदानात उतरून बेसवरून पळू देतात. माझ्या भाचीला त्या दिवशी कोण जिंकलं ते आठवत नाही पण होम प्लेटवर उडी मारलेली आठवते.

६. स्कोअरकार्ड लिहायला शिका

ही पायरी लोक गाळतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

२०२४ च्या उन्हाळ्यात आईबाबा सहा महिने आले होते. बाबांनी सांगलीत क्लब क्रिकेटला कितीतरी वर्षं स्कोअरिंग केलंय, घरी त्यांच्या जुन्या वह्या अजून आहेत, एकेक टिंब जागच्या जागी. इथे पहिल्या गेमला नेलं तर दुसऱ्या इनिंगला कंटाळले, आईला म्हणाले किती वेळ आहे अजून. पुढच्या वेळी मी इंटरनेटवरून कोरं स्कोअरकार्ड प्रिंट करून नेलं आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. मग त्यांनी नऊ इनिंग मान वर केली ती फक्त मैदानाकडे बघायला.

पद्धत अशी. मैदानावरच्या प्रत्येक जागेला नंबर आहे: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट फील्ड ७, सेंटर ८, राइट ९. हा नंबर खेळाडूच्या पाठीवरचा नाही, जागेचा. शॉर्टस्टॉप तिसऱ्या आणि दुसऱ्या बेसच्या मधे उभा असतो तरी त्याचा नंबर ६, इथे सगळे चुकतात. आता शॉर्टस्टॉपने बॉल उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि बॅटर आउट, तर चौकोनात लिहायचं ६-३. सेंटर फील्डरने झेल घेतला तर एफ ८. शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसला, तिथून पहिल्याला आणि दोघं आउट, तर ६-४-३, तो डबल प्ले. वॉक मिळाला तर बीबी. प्रत्येक चौकोनात बारीक हिऱ्याचा आकार असतो, बॅटर जिथपर्यंत पोचला तिथपर्यंत रेघ काढायची, घरी पोचला की हिरा रंगवून टाकायचा, ती एक रन.

तीन स्ट्राइकवर आउट म्हणजे के. पण बॅट फिरवून चुकला तर सरळ के, आणि नुसता बघत उभा राहिला तर उलटा के. बाबांना हे प्रचंड आवडलं. आठव्या इनिंगला आमचा बॅटर बेसवर दोघं असताना नुसता उभा राहिला, अंपायरने हात झटकला, स्टेडियमभर हाय हाय, आणि बाबांनी पेन्सिल जिभेला लावून उलटा के इतका सुबक काढला आणि मला म्हणाले, "बघ, कसा आउट झाला ते पण कागदावर राहिलं." आमच्या मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी वाकून त्यांचं कार्ड बघितलं, त्यांच्या मांडीवर पण कार्ड होतं. दोघांनी तिसऱ्या इनिंगची एक नोंद ताडून पाहिली, दोघांची भाषा एकमेकांना धड कळत नव्हती आणि त्याने काही अडलं नाही. पलीकडच्या रुळांवरून मालगाडी भोंगा वाजवत चालली होती, ती तिथे दर थोड्या वेळाने जातेच.

तर पहिल्या गेमला फक्त आपल्या टीमची बॅटिंग लिहा, दुसऱ्याला दोन्ही टीमची. चुकलं तर चुकलं. एखादा प्ले हुकला तर जुने स्कोअरर तिथे डब्ल्यूडब्ल्यू लिहितात, म्हणजे बघत नव्हतो. मधल्या काळात पिचर बदलला की तिथे आडवी रेघ मारायला विसरू नका, नाहीतर नंतर कळत नाही कोणाला मार पडला.

७. महिन्यामहिन्याने काय बघायचं

*एप्रिल-मे:* पॉइंट टेबलकडे बघू नका. खेळाडूंची नावं पाठ करा, बास. टीममध्ये एका वेळी २६ जण असतात पण सुरुवातीला नऊ बॅटर आणि पाच स्टार्टिंग पिचर पुरेत. स्टार्टिंग पिचर साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी एकदा टाकतो, मग ॲपमध्ये उद्याचा पिचर कोण ते लिहिलेलं असतं ते बघून गेम निवडा. एक पिचर आपला मानून त्याचे सगळे गेम बघा, त्याने शिकणं फार सोपं होतं. १५ एप्रिलला सगळ्या टीमचे सगळे खेळाडू ४२ नंबर घालतात, आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन याच्यासाठी, त्या दिवशी टीव्ही लावून पाठीवरचा नंबर शोधत बसू नका, सगळे ४२ च आहेत.

*जून:* एकदा टॅकोमाला जा. टॅकोमा रेनियर्स ही मरिनर्सच्या लगेच खालची टीम (त्या पायरीला ट्रिपल-ए म्हणतात), चेनी स्टेडियम, मैदान अगदी जवळ, तिकीट स्वस्त. एव्हरेटची ॲक्वासॉक्स त्याच्या दोन पायऱ्या खाली. आज तिथे खेळणारा पोरगा ऑगस्टमध्ये सिॲटलला दिसतो आणि आपल्याला उगाच अभिमान वाटतो.

*जुलै:* मधोमध ऑल-स्टार ब्रेक, तीन-चार दिवस गेम नाही, तेव्हा फार रिकामं रिकामं वाटतं. मग महिन्याअखेरीच्या सुमाराला ट्रेड डेडलाइन, त्यानंतर खेळाडूंची अदलाबदल जवळपास बंद. आपल्याला हे पचायला जड जातं, ज्याचा शर्ट घेतला तो रात्रीतून दुसऱ्या टीमला. म्हणून जर्सी घेताना घाई नको, नाव नसलेली घ्या नाहीतर मरिनर्सचा जुना स्टार इचिरो याची ५१ घ्या, ती कुठे जात नाही, २०२५ ला तो हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि त्याचा नंबर टीमने कायमचा ठेवून दिला. पण गेलेले परतही येतात. युहेनियो सुआरेझला २०२३ च्या नोव्हेंबरात ॲरिझोनाला दिलं तेव्हा इथे लोक हळहळले होते, २०२५ च्या जुलैत तो परत आला, आणि ऑक्टोबरात टोरांटोविरुद्ध पाचव्या गेममध्ये बेस भरलेले असताना त्याने होमरन मारला. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी त्याला जाताना बघितलं होतं त्यांच्यासाठी तो नुसता होमरन नव्हता.

*ऑगस्ट-सप्टेंबर:* आता टेबल उघडा. जीबी म्हणजे गेम्स बिहाइंड, पहिल्यापेक्षा किती मागे. पहिली टीम ८०-६०, आपली ७८-६२, तर आपण २ मागे. विजयांतला फरक अधिक पराभवांतला फरक, भागिले दोन. त्याखाली वाइल्ड कार्डचं (डिव्हिजन न जिंकताही पुढे जायची जागा) वेगळं टेबल असतं ते पण बघा. सारखेच विजय झाले तर आता जादा गेम होत नाही, आपसातल्या गेममध्ये कोण पुढे होतं त्यावर ठरतं, म्हणून मे महिन्यातली ह्यूस्टनची ती कंटाळवाणी सिरीज सप्टेंबरात आठवते.

८. आकडे: तीन पुरेत

बॅटरसाठी ओपीएस (किती वेळा बेसवर पोचतो आणि किती मोठे फटके मारतो, या दोन्हीची बेरीज), .८०० च्या वर म्हणजे चांगला, .९०० च्या वर म्हणजे फारच चांगला. पिचरसाठी ईआरए, नऊ इनिंगमागे किती रन देतो, ३ च्या खाली असेल तर उत्तम. तिसरा होमरन, त्याला काय समजवायचं. २०२५ ला कॅल रॅलीने ६० मारले, कॅचर असून, रोज गुडघ्यांवर बसून शंभर-दीडशे पिच झेलून मग बॅटिंगला उभं राहायचं. त्या आधी मरिनर्सचा रेकॉर्ड केन ग्रिफी ज्युनिअरचा ५६ होता. बाकीचे आकडे आपोआप कळत जातात, त्यांच्या मागे लागून गेम बघायचा सोडू नका.

९. ऑक्टोबर

प्रत्येक लीगमधून सहा टीम पुढे जातात, तीन डिव्हिजन जिंकलेल्या आणि तीन वाइल्ड कार्ड. पहिली फेरी तीन गेमची (वरच्या दोन टीमना ती खेळावी लागत नाही), मग पाच, मग सात, मग वर्ल्ड सिरीज सात. तिकीट हवं असेल तर सप्टेंबरमध्येच टीमच्या ईमेल यादीत नाव घाला, सीझन तिकीटवाल्यांना आधी मिळतं, मग ईमेलवाल्यांना. इथे ओव्हर-बॉल संपत नाहीत आणि ऑक्टोबरात गेम टाय म्हणून सोडतही नाहीत, निकाल लागेपर्यंत खेळतात. नेहमीच्या सीझनमध्ये दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर एक रनर आयता ठेवतात म्हणून लवकर संपतो, ऑक्टोबरात तो ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची मीटिंग लावू नका.

१० ऑक्टोबर २०२५, डेट्रॉइटविरुद्ध पाचवा आणि शेवटचा गेम, इथे संध्याकाळी पाचला सुरू झाला. सांगलीत शनिवारी पहाटे साडेपाचला बाबा उठून बसले. नऊ इनिंग झाल्या, २-२. बाबांची अंघोळ झाली, दहावी, अकरावी. आईने पोहे केले, बारावी, तेरावी. मी वरच्या मजल्यावर उभी, बसायची हिंमत कोणाचीच होत नव्हती, कार्डावरचे रकाने संपले म्हणून मी मागच्या बाजूला हाताने रेघा मारून लिहीत होते. पंधराव्या इनिंगला होर्हे पोलान्कोने हिट मारला आणि जिंकलो, ३-२, रात्रीचे दहा वाजून गेले होते. फोन लावला तर बाबा पहिलं वाक्य काय म्हणाले, "शेवटचा हिट कुठे गेला, राइटला ना? लिहून ठेव."

दहा दिवसांनी टोरांटोत पुढच्या फेरीचा सातवा गेम. सातव्या इनिंगपर्यंत ३-१ ने आपण पुढे, मग टोरांटोच्या स्प्रिंगरचा तीन रनांचा होमरन, ४-३, आणि तिथेच संपलं. सांगलीत लक्ष्मीपूजनाची सकाळ होती. ते कार्ड मी पूर्ण लिहिलं, शेवटचा के पण लिहिला, आणि ते बाकीच्यांबरोबर फाइलला लावलंय. अशा गेमनंतर दोन दिवस बातम्या, व्हॉट्सॲप काही उघडू नका, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे, पण कार्ड फाडू नका.

१०. नोव्हेंबर ते फेब्रुवारी

डिसेंबरमध्ये थोडेफार ट्रेड होतात, बातम्या वरवर वाचल्या तरी चालतं. पुढच्या वर्षीचं टाइमटेबल आधीच आलेलं असतं, ते फोनच्या कॅलेंडरला जोडून टाका म्हणजे गणपती, नवरात्र आणि घरी येणारे पाहुणे यांच्या तारखांशी गेमच्या तारखा आधीच ताडून बघता येतात. ॲरिझोनाकडे कोणी नातेवाईक असेल तर मार्चमध्ये पिओरियाला स्प्रिंग ट्रेनिंग (सीझनआधीचा सराव) बघायला जा, तिथे खेळाडू कुंपणापाशी येऊन सह्या देतात, ऊन पण छान असतं. पिचर आणि कॅचर फेब्रुवारीच्या मध्याला तिथे हजर होतात, बाकीचे काही दिवसांनी. स्कोअरकार्डचे कागद त्याच आठवड्यात प्रिंट करून ठेवा, १६२ नकोत, वीस-पंचवीस पुरतात, आणि त्यातले पाच जाड कागदावर काढा, एप्रिलच्या दमट हवेत पातळ कागदावर पेन्सिल नीट उठत नाही.